कावळ्याची जावक

माझ्या पक्षीनिरीक्षणाची सुरुवात निसर्गप्रेमातून झाली, असं आमच्या कॉलनीतले लोक आता सांगतात. सांगू देत. खरं म्हणजे ती कोथिंबिरीच्या एका जुडीवरून झाली. फेब्रुवारीत चिखलीच्या आठवडी बाजारात मी त्या जुडीवर पाय देऊन घसरलो, उजव्या गुडघ्याची वाटी सरकली आणि डॉक्टरांनी दीड महिना पाय लांब करून बसायची शिक्षा दिली. पहिले चार दिवस मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि सुलभाला, म्हणजे माझ्या पत्नीला, फोडणीविषयी काही मोजक्या सूचना केल्या. पाचव्या दिवशी तिने माझी खुर्ची उचलून घराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, मागच्या खिडकीशी नेऊन ठेवली.

"इथे हवा चांगली येते," ती म्हणाली. हवा स्वयंपाकघरातही चांगलीच येत होती, पण मी वाद घातला नाही.

आमचं राहणं वरच्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून एक चिंच दिसते, चिंचेपलीकडे गुलाबरावांची गच्ची दिसते आणि डाव्या हाताला शेजारच्या मनकर्णाबाईंच्या परसाची भिंत. भिंतीवर बोगनवेल इतकी माजली आहे की फक्त शेवटचं हातभर टोक उघडं राहिलंय. एवढ्या मुलखावर माणूस किती वेळ नजर ठेवणार? मी पुण्याला भार्गवीला फोन करून कुरकुर केली. ही आमची मुलगी. तिने आठवड्याच्या आत दुर्बीण पाठवली आणि सांगितलं, "बाबा, पक्षी बघा. आणि नोंदी ठेवा."

बघण्याचं मी फारसं मनावर घेतलं नसतं. पण नोंदी ठेवा म्हटल्यावर माझ्या अंगात बळ आलं. सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळलेलं आहे. कचेरीत आलेला प्रत्येक कागद आधी माझ्यापुढे यायचा, त्याला मी क्रमांक द्यायचो, आणि बाहेर पडताना तो कुठे चालला हे सांगितल्याशिवाय त्याला दार ओलांडता येत नसे. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण माझ्या रजिस्टरात खाडाखोड नाही आणि मागच्या तारखेची नोंद नाही. एका आमदाराच्या माणसाने एकदा मागची तारीख टाका म्हणून माझ्यापुढे हात जोडले होते. मीही त्याला उलट हात जोडले होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला शालीबरोबर एक कोरं रजिस्टर भेट दिलं. ते थट्टेने दिलं असं सुलभाचं मत आहे. माझं तसं मत नाही.

ते रजिस्टर मी काढलं आणि रकाने आखले. आवक क्रमांक, दिनांक, वेळ, पक्ष्याचे नाव, कोठून आला, जावक म्हणजे कोठे गेला, आणि शेरा. पहिली नोंद बुलबुलाची. आवक क्रमांक एक, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे, चिंचेकडून आला, चिंचेकडे गेला. शेरा: विशेष नाही.

महिन्याभरात माझे अकराशे चाळीस क्रमांक झाले. मी अभिमानाने ते भार्गवीला कळवले. तिने ते आल्हाद नावाच्या तिच्या एका पक्षीवेड्या मित्राला पाठवले आणि त्या आल्हादचा मला फोन आला. आवाज फार गोड होता.

"काका, एका खिडकीतून एका दिवसात सत्तेचाळीस बुलबुल?"

"हो."

"काका, ते दोनच असतील. तेच ते परत परत येत असतील."

"असतील ना," मी म्हणालो. "पण आले की नाही? तोच माणूस दहा अर्ज घेऊन आला तर त्याला दहा क्रमांक पडतात."

त्याने आणखी एक शंका काढली, की पक्षी कुठे गेला हे कुणीच लिहीत नाही, तो जावकचा रकाना काढून टाकला तरी चालेल. मी त्याला नम्रपणे सांगितलं की आवक लिहून जावक न लिहिणं म्हणजे अर्धवट काम, आणि अर्धवट कामाची आम्हाला सवय नाही. सुलभा पलीकडे उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. या घरात माझ्या कामाची किंमत नाही हे मला तेव्हाच कळलं.

खिडकीत दुर्बीण लावून आणि मांडीवर रजिस्टर घेऊन बसलेला माणूस फार दिवस लपून राहत नाही. एके दिवशी सकाळी गुलाबराव पिशवीभर वांगी घेऊन आले. गुलाबराव भाजीचे आडते. मला पडून दीड महिना होत आला तरी ते पाहायला आले नव्हते, त्यामुळे वांग्यांचा मला संशय आला.

"चिंतामणराव, एक विचारू का? राग मानू नका. काऊन हो आमच्या गच्चीवर दुर्बीण लावून राह्यले?"

"पक्षी बघतो."

"हाव, ते सारेच सांगतात." ते खुर्ची पुढे ओढून बसले. "आता खरं सांगा. नगरपालिकेनं बसवलं का तुम्हाले? त्या खोलीचं लिहून राह्यले ना?"

गुलाबरावांनी गेल्या दिवाळीत गच्चीवर एक खोली चढवली. ती कुणाच्याही परवानगीने चढवलेली नाही, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. मी हसलो आणि विश्वासाने रजिस्टर त्यांच्या हाती दिलं. तेच चुकलं. त्यांनी बोट लावून एकेक ओळ वाचली आणि आवक क्रमांक सहाशे तीनवर त्यांचं बोट थांबलं. तिथे माझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: साळुंकी, कोठून आली, गुलाबराव यांच्या विनापरवाना खोलीवरून.

"हे खोडा," गुलाबराव म्हणाले.

"खाडाखोड होत नाही."

"मंग पान फाडा."

"पानांना छापील क्रमांक आहेत."

"अहो, साळुंकी काय कोर्टात साक्ष देणार हाय का!"

दोन तास आमचा खल झाला. शेवटी नोंद तशीच ठेवून शेऱ्याच्या रकान्यात 'खोली हवेशीर आहे' असं लिहायचं ठरलं. पण आणखी कुठे आपली खोली आली आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी पुढची पन्नास पानं जिवाच्या कराराने वाचली. माझं रजिस्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा आजवरचा तो एकच माणूस. उठताना ते म्हणाले, "तुमचा तो डाव्या पंखात पांढरं पीस असलेला कावळा लय टायमाचा पक्का हाय बरं. रोज बारा वाजून दहा मिनिटं. एसटीनं त्याच्यापासून शिकलं पाहिजे."

गुडघा बरा झाला, पण खिडकी सुटली नाही. उन्हाळा गेला, पावसाळा आला, मी दुसरं रजिस्टर आणलं. आणि सप्टेंबरात पितृपक्ष लागला.

आमच्या कॉलनीतल्या पितृपक्षाची अडचण अशी की कावळा मिळत नाही. पान ठेवायचं, खीर वाढायची, वडे ठेवायचे, आणि गच्चीवर उभं राहून आभाळाकडे बघायचं. कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवत नाही. गेल्या वर्षी आमच्याच रांगेतल्या एका घरात दुपारी साडेतीनला कावळा आला, तोवर दोन पाहुणे चक्कर येऊन आडवे झाले होते. अशा परिस्थितीत बारा वाजून दहा मिनिटं या वेळेचा पक्का कावळा ज्याच्या खिडकीत येतो त्याचं समाजात काय स्थान असेल याचा मी आधी विचारच केला नव्हता. गुलाबरावांनी केला होता.

त्यांच्या वडिलांची तिथी प्रतिपदा. बरोबर बारा वाजता ते पान घेऊन आमच्या गच्चीवर हजर झाले. बरोबर बारा दहाला पांढऱ्या पिसाचा कावळा चिंचेवरून निघाला, आमच्या कठड्यावर उतरला, एक वडा उचलला आणि निघून गेला. सव्वाबाराला गुलाबराव स्वतःच्या घरी कढी-भात कालवत होते. साडेबाराला त्यांनी कॉलनीच्या व्हाट्सअप ग्रुपवर ही बातमी माझ्या गच्चीच्या फोटोसकट टाकली.

दुसऱ्या दिवशी पाच पानं आली. आता पाच पानं म्हटल्यावर त्यात काही शिस्त नको का? मी साधा कागद घेऊन मृताचे नाव, तिथी आणि अर्जदाराचे नाते एवढंच लिहून घेतलं आणि क्रमांक दिले. सुलभा म्हणाली, "मृत्यूचा दाखला पण मागा, राहिलाय तेवढा." मी मागणारच होतो, मग नाही मागितला. आमच्याकडच्या देवेश गुरुजींनी सुरुवातीला नाक मुरडलं. पण कावळ्याची वेळ नेमकी माध्यान्हीची, श्राद्धाला शास्त्राने सांगितलेली, हे रजिस्टरातून दाखवल्यावर त्यांचं नाक सरळ झालं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या सात यजमानांची यादी माझ्याकडे पाठवून दिली.

त्याच संध्याकाळी मनकर्णाबाई आल्या. त्या अर्जदारांत नव्हत्या. एरवी त्या कुणाच्या घरी सहसा येत नाहीत. त्यांचे यजमान नारायणराव अमडापूरकडची शेती मुलाच्या हाती देऊन इथे राहायला आले आणि तीन वर्षांनी, गेल्या श्रावणात गेले. दहावा पैनगंगेच्या काठी झाला. मीही गेलो होतो. पिंड ठेवून तीन तास झाले तरी कावळा शिवेना. समोर बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. मुलगा सागर हात जोडून एकेक कबूल करत होता. आईला सांभाळीन, पोरीला शिकवीन, धाकट्या चुलत्याशी बोलेन. लोक एकमेकांच्या कानात विचारत होते की म्हाताऱ्याचं कशात अडकलंय. मनकर्णाबाई लांब बायकांत बसून ते सगळं ऐकत होत्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही सगळे अंघोळी करून निघालो. यंदा वर्षश्राद्धाला शेतात पान ठेवलं, तर ते कुत्र्याने नेलं.

"भाऊ," त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "पंचमीले त्यायचं पान हाय. तुमच्या गच्चीवर ठेवलं तर चालते का?"

"काकू, विचारता काय! पहिला क्रमांक तुमचा."

"क्रमांक नको मले. फक्त एक सांगा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो येईन ना? खरा कावळा? वर्ष झालं, मी रोज आठवून राह्यली का त्यायचं काय राह्यलं. भाजीत मीठ कमी पडलं व्हतं का कवा. औषधं वेळेवर दिली का नाई. मले काई सापडत नाई, भाऊ. माणूस नाराज होऊन गेला, अन् काऊन गेला हे बी मले माहीत नाई."

खरं तर अशा वेळी माणसाने शहाणपणाने गप्प बसावं. कावळा कुणाच्या बापाचा नोकर नसतो, हे मला कळायला हवं होतं. पण दोन दिवस सगळी कॉलनी माझ्या दारी रांग लावून उभी होती आणि ती हवा माझ्या डोक्यात गेलेली होती.

"काकू, सात महिन्यांच्या नोंदी आहेत माझ्याकडे. दोनशे चार वेळा आलाय तो. येणार म्हणजे येणार. तुम्हाला लिहून देतो."

आणि मी खरंच लिहून दिलं. 'सदर कावळा पंचमीस दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी उपस्थित राहील.' खाली सही, तारीख. मनकर्णाबाईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि घडी करून कमरेला खोचला.

तृतीयेला अकरा पानं आली. इथून बिघडत गेलं. कावळ्याने पहिल्या पानावरची खीर संपवली, चौथ्यावरचा वडा चोचीत धरून टाकला आणि तो उडाला. लगेच ओरड सुरू झाली. "आमच्या सासऱ्याचं पान डावललं," असं एका बाईने मला तोंडावर सांगितलं, जणू मीच खीर खाल्ली. एका निवृत्त मास्तरांनी चौथ्या पानाला वशिला लागला असा आरोप केला आणि क्रमवारीच्या कागदाची प्रत माहितीच्या अधिकारात मागू असं बजावलं. मी एकतीस वर्षांत अशी भाषा ऐकून घेतली नव्हती. चतुर्थीला चौदा पानं आली. कावळा वेळेवर आला, पण कठड्यावर न उतरता लांब टाकीवर बसला. त्याने चौदा खिरींकडे एक नजर टाकली, चोच टाकीला दोनदा घासली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसला. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी आभाळाकडे बघितलं.

पंचमीला मी बाकी सगळ्यांचे क्रमांक रद्द केले. त्यावरून चार घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं. गच्चीवर एकच पान होतं. अमडापूरहून सागर आणि त्याची बायको रुपाली आले होते, गुरुजी होते, आणि गुलाबराव आपण होऊन बंदोबस्ताला उभे होते. बोलणं टाकलेली चार घरंही आपापल्या गच्च्यांवरून बघत होती. मनकर्णाबाई जिन्याजवळ बसल्या होत्या. पहाटेपासून त्या चुलीपुढे होत्या, चेहरा उतरलेला होता. माझा कागद त्यांच्या मुठीत होता.

बारा दहा झाले. बारा पंधरा झाले. साडेबारा झाले. सागरने हात जोडले आणि पुन्हा चुलत्यापासून सुरुवात केली. गुलाबरावांनी मोबाइलवर कावळ्याचा आवाज शोधून मोठ्याने लावला, त्यामुळे मागच्या गल्लीतली दोन कुत्री भुंकायला लागली. गुरुजींनी हळूच पिशवीतून दर्भ काढला. ते बघून मनकर्णाबाईंनी मान खाली घातली.

मला तिथे उभं राहवेना. "रजिस्टर घेऊन येतो," असं म्हणून मी खाली आलो. रजिस्टराचं तिथे काही काम नव्हतं. मला तोंड लपवायचं होतं, बाकी काही नाही. मी खिडकीशी माझ्या खुर्चीत बसलो. माझी इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पावलं वाजली म्हणून मागे पाहिलं, तर मनकर्णाबाई आल्या होत्या. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला.

"हे घ्या भाऊ, तुमचा कागद. लोकायच्या हाती लागला तर तुम्हाले बोलतीन. तुमची काई चूक नाई. त्यायलेच यायचं नसन."

म्हणजे त्या अवस्थेतही त्या बाईला माझ्या अब्रूची काळजी. मी कागद घेतला नाही. काहीतरी करायचं म्हणून रजिस्टर उघडलं. "काकू, असं कसं होईल, हे बघा, रोज आहे, हे बघा," असं बडबडत मी बोट खाली सरकवत गेलो. कावळा, आवक बारा दहा, जावक ना. भिंत. कावळा, आवक बारा अकरा, जावक ना. भिंत. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. दोनशेहून अधिक वेळा मी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं. कागद आला, क्रमांक दिला, गेला. एकतीस वर्षं मी तेच करत आलो होतो.

"ना. भिंत म्हंजे?" त्यांनी विचारलं.

"नारायणरावांची भिंत. तुमच्या परसाची. इथून तो रोज तिकडेच जातो." मी मान वर केली आणि खिडकीबाहेर पाहिलं. बोगनवेलीच्या टोकाला, भिंतीच्या त्या उघड्या हातभर जागेवर, तो बसला होता. डाव्या पंखात पांढरं पीस. मान वाकडी करून तो त्यांच्या मागच्या दाराकडे बघत होता आणि जिवाच्या आकांताने ओरडत होता. गुलाबरावांच्या मोबाइलपुढे तो कुणाला ऐकू आला नव्हता.

"काकू, तुम्ही त्या भिंतीवर काय ठेवता?"

"काई नाई." त्या गोंधळल्या. "पयला तुकडा ठेवतो, भाकरीचा. त्यायची सवय व्हती. जेवाले बसले का पयला तुकडा भितीवर ठेवायचे, मंग जेवायचे. ते गेले, मले काई ते मोडवलं नाई. बारा वाजले का मी ठेवतो अन् आत येतो. बोका खात असन म्हणलं." त्यांनी एकदम तोंडावर हात ठेवला. "आज श्राद्धाच्या गडबडीत ठेवाचाच राह्यला, बापा."

त्या कशा जिना उतरल्या ते मला दिसलंच नाही. मी गुडघा सांभाळत त्यांच्या परसात पोचलो तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत होत्या. श्राद्धाच्या दिवशी घरात ताजी भाकर कुठली? टोपलीत कालची अर्धी ज्वारीची भाकर होती. त्यातला तुकडा त्यांनी मोडला. मी ओरडलो, "थांबा काकू, सागरला बोलावतो, पान आणू दे, गुरुजी येऊ देत!" इतकी वर्षं पद्धतशीर काम केलेला माणूस मी, मला वाटलं सगळं रीतीने व्हावं. कावळा गुरुजींसाठी थांबला नाही. मनकर्णाबाईंचा हात भिंतीवरून पुरता निघालाही नव्हता, तो दोन उड्या मारून पुढे आला, तुकडा उचलला आणि तिथेच बसून, पायाखाली धरून, सावकाश खाल्ला.

वर गच्चीवरून गुलाबरावांचा आवाज आला, "शिवला! शिवला रे! अबे सागर, खाली पाह्य, तुह्या घरीच शिवला!"

मनकर्णाबाई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्या हसतही होत्या.

"सांगा आता," त्या म्हणाल्या. "गेल्या साली नदीवर तीन घंटे त्याच्या नावानं ओरडलो आपण सारे. अन् हा इथं भितीवर वाट पाहत बसला असन."

मी शेऱ्याचा शब्द शोधत होतो, तो सापडला नाही.

पंगत बसायची होती, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण मनकर्णाबाई म्हणाल्या की आधी ते रजिस्टर आणा. मी दोन्ही रजिस्टरं आणली. ओसरीवर बसून मी वाचायला लागलो आणि त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायला लागल्या. सोळा फेब्रुवारी, आवक बारा दहा, जावक नारायणरावांची भिंत. सतरा फेब्रुवारी, आवक बारा नऊ, जावक नारायणरावांची भिंत. सागर येऊन उंबरठ्यावर बसला. रुपालीने वडे झाकून ठेवले. गुलाबरावांनी एकदा घड्याळ पाहिलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. मार्च संपला, एप्रिल संपला, मे महिन्यातल्या ऊन-वाऱ्याच्या दिवसांतही तो आलेला होता. दर ओळीला त्या हळूच मान डोलवायच्या. मी दहा जुलै वाचला आणि पुढे बारा जुलै वाचला.

"अकरा जुलै?" त्यांनी डोळे उघडले. "अकरा जुलैले काऊन नाई?"

मी पान मागेपुढे केलं. मग आठवलं. "त्या दिवशी मी शेगावला दर्शनाला गेलो होतो, काकू."

"तुम्ही गेलते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याले काय त्याचं? तो आला असन. मी तुकडा ठेवला व्हता. लिवा ते."

गुलाबराव भिंतीचा आधार सोडून पुढे सरकले आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांपुढे ती साळुंकी असणार. मी खिशातून पेन काढलं. दहा आणि बारा जुलैच्या मधल्या बारीकशा जागेत, एकतीस वर्षं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा, मी मागच्या तारखेची नोंद केली. अकरा जुलै, कावळा, आवक बारा दहा, जावक नारायणरावांची भिंत. शेऱ्याच्या रकान्यात थोडा विचार केला आणि लिहिलं: भाकर खाल्ली.